गालातला चट्टा

शिंगाळ्याचा काटा नीराबाईच्या उजव्या हातात, अंगठ्याच्या मुळाशी घुसला तेव्हा तिनं नुसता हात झटकला आणि पुढची टोपली ओढली. जवळ्याच्या राशीत असली बारकी मासळी मिसळून येतेच. ती निवडायला बसलं की काटा लागायचाच. पण दुपार होईतो हात मनगटापर्यंत सुजला, बोटं मिटेनात आणि खराटा धरता येईना. खळ्यावर सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला होता. तो सारखा वर-खाली केला नाही तर खालून ओला राहतो आणि कुजतो. सून प्राची एकटीच वाकून ते करत होती.

"आई, तुमी जावा दिवेआगरला. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या," प्राची मान वर न करता बोलली. "मी बगतंय इथलं."

"येवढ्याश्या काट्याला?"

"हात बगा केवढा झालाय."

नीराबाई रिक्षानं गेली. डॉक्टर निवेदिताबाईंचा दवाखाना त्यांच्याच वाडीतल्या घराच्या पुढच्या पडवीत होता. आधी त्यांचे सासरे बसायचे तिथं, आता त्या. कोळीवाड्यातली निम्मी माणसं याच बाकावर ताप घेऊन बसून गेलेली. वादळात वाडीतल्या पोफळी पडल्यापासून तिथं दुपारचं ऊन यायला लागलं होतं. नीराबाई त्या उन्हात वाट बघत बसली. हात ठणकत होता आणि डोळ्यांसमोर खळं दिसत होतं.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, मोडलेलं टोक चिमट्यानं काढलं, इंजेक्शन दिलं. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघितला. नीराबाई उठायला लागली तशी त्या म्हणाल्या, "बसा. तोंड उघडा."

"हाताला लागलंय मना, डॉक्टरीणबाय. तोंडात काय बगता?"

"तिशीच्या पुढचं कोणीही येऊ दे, ताप असो की खरूज, मी तोंड बघतेच हल्ली. उघडा."

नीराबाईला लाज वाटली. दात काळे पडलेले, हिरड्या मिश्रीनं माखलेल्या. इतक्या वर्षांत नवऱ्यानंसुद्धा कधी तिच्या तोंडात डोकावून बघितलं नव्हतं. तिनं जरासं उघडलं. "आणखी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रबरी मोज्यातलं बोट घालून त्यांनी डावा गाल बाहेर ओढला, बॅटरी मारली आणि बराच वेळ बघत राहिल्या. मग कापडाच्या तुकड्यानं आतून घासलं, पुन्हा बघितलं.

"मिश्री किती वेळा लावता?"

"सकाळी. आन् दुपारी जेवल्यावर."

"आणि?"

"कामाला बसलं की. निजताना."

"तिखट झोंबतं?"

शिमग्यापासून झोंबत होतं. प्राची मसाल्यात मिरच्या फार घालते म्हणून तिनं घरात दोनदा तोंड टाकलं होतं. तेव्हापासून प्राची सासूचं कालवण वेगळं काढून ठेवायची.

"डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आहे," डॉक्टरीणबाईंनी मोजा काढला. "पुसून जात नाहीये. आज त्याचं काही झालंय असं मला दिसत नाही. पण असाच राहिला आणि मिश्री चालू राहिली, तर पुढं कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आत्ताच अलिबागला दाखवायचं. सरकारी दवाखान्यात दातांच्या विभागात. ते बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवतील. आणि मिश्री आजपासून बंद."

"म्हंजे मना झालाय की न्हाय?"

"नाही झालेला, असं वाटतं. होऊ नये म्हणून सांगतेय."

रिक्षात बसल्यावर नीराबाई तेच घोळवत राहिली. ताप आला की माणूस पडतं, पाय मोडला की बसतं. जे झालेलंच नाही त्याच्यासाठी खाडी ओलांडून अलिबागला जायचं, आणि तेही जवळा लागलेला असताना. दिवाळी तोंडावर आली होती. वर्षाचं सुकं याच दिवसांत होतं. उरलेल्या दिवसांत मग त्यावरच भागवायचं.

घरी येऊन तिनं पहिल्यांदा कमरेची डबी काढली, चिमूट घेतली, डाव्या बाजूला न लावता उजव्या बाजूला लावली. डोकं जरा हलकं झालं. मग पदर खोचून डाव्या हातानं खराटा धरला.

"काय बोलली डॉक्टरीण?" प्राचीनं विचारलं.

"इंजेक्शन दिलं," नीराबाई बोलली.

त्यानंतरचे दिवस सगळे सारखेच गेले. पहाटे होड्या यायच्या. नीराबाईचा नवरा अनंता काळूरामच्या होडीवर खलाशी होता. तो खारट अंगानं यायचा, भाकरी खाऊन आडवा व्हायचा आणि भरतीची वेळ झाली की जायचा. मुलगा प्रीतम दिघीच्या बंदरात ट्रेलर चालवायचा, त्याची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. टोपल्या बंदरापासून खळ्यापर्यंत आणायच्या त्या नीराबाईनं आणि प्राचीनं. नीराबाईची पाठ सकाळी ताठलेली असे. चुलीवर तव्यात तंबाखू भाजून ती काळी पूड तोंडात गेली की मगच पाठ वाकत असे. ही एकच गोष्ट होती दिवसात, जी फक्त तिची होती. ती लावून ती दारात उकिडवी बसायची तेवढा वेळ कोणी तिला हाक मारत नसे.

हाताची पट्टी बदलायला ती पुन्हा दवाखान्यात गेली.

"मिश्री सोडली?"

"सोडली."

डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायला सांगितलं. बॅटरी मारली आणि विझवली. रागावल्या नाहीत. खुर्चीत मागं टेकल्या. त्यांच्याही डोळ्यांखाली काळं झालेलं होतं. बाहेर बाकावर माणसं होतीच. "नीराबाई, मला फसवून माझं काय जाणार? अलिबागला कधी जाताय?"

"जवळा होऊ दे."

"जवळ्यानंतर बोंबील येतील."

ते खरंच होतं.

दोन-तीन दिवसांनी वाड्यातली आशा सेविका जागृती खळ्याच्या कडेनं आली. मुलगी चांगली, लसीकरणाच्या दिवशी घरोघर फिरून पोरं गोळा करणारी. तिच्या खांद्याला लशीची पेटी होती आणि तिला पुढं जायची घाई होती. तिनं रस्त्यावरूनच हाक मारली, "काकी, अलिबागला गेलात का न्हाय अजून? डॉक्टरीणबाईंनी इचारलंय. तोंडातला डाग अंगावर काढू नका. कॅन्सरचं काय असलं तर लवकर कळलेलं बरं."

खळ्यावर सहा-सात बायका होत्या. खराटे थांबले. जागृतीच्या लक्षात आलं बहुतेक, कारण ती "येते नंतर" असं पुटपुटून निघून गेली. प्राचीनं सासूकडं बघितलं. नीराबाई खाली वाकून जवळा पसरवत राहिली, जिथं आधीच पसरला होता तिथंच.

शेजारचं खळं चांगुणाचं, काळूरामच्या बायकोचं. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या वाड्यात आलेल्या. चांगुणाची मिश्री संपली की नीराबाईची डबी, नीराबाईची संपली की चांगुणाची, असं चाललेलं. त्या दिवशी दुपारी चांगुणानं चहा आणला. सगळ्यांना नेहमीचे कप. नीराबाईच्या हातात कागदी पेला दिला. "कप एक कमी पडला," ती दुसरीकडं बघत बोलली.

नीराबाईनं चहा घेतला. गरम होता, गालाला झोंबला. तिनं तो सगळा प्यायला.

संध्याकाळी सुकं घेणारा विनेश टेम्पो घेऊन आला. तो नीराबाईच्या पोत्यापाशी थांबला, मूठभर जवळा घेऊन नाकाशी नेला आणि परत टाकला.

"काकी, ह्या खेपेला राहू दे. पुढच्या वेळी बघू."

"जवळ्याला काय झालंय?" प्राची पुढं आली.

"जवळ्याला काय न्हाय वहिनी. पण लोकांच्या खान्याची चीज हाय. कोन काय बोलंल सांगता येत न्हाय." तो वाईट माणूस नव्हता. बोलताना त्याची नजर पायातल्या चपलेवर होती. त्यानं चांगुणाचा जवळा घेतला, पलीकडच्या दोघींचा घेतला आणि टेम्पो गेला.

पोती पडवीत रचताना प्राची बोलली, "मना तरी सांगाचं होतं."

"सांगून?"

"मसाला कमी घातला असता. मी उगीच तुमच्यावर चिडत होतं."

नीराबाईला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. एवढी दमलेली होती की त्यासाठी लागतं तेवढंसुद्धा अंगात उरलं नव्हतं.

अनंताला दुसऱ्या दिवशी होडीवरच कळलं. काळूरामनंच सांगितलं. वारा फिरला म्हणून होड्या परत आल्या होत्या आणि तो वेळेआधीच घरी आला. पडवीतली पोती बघून दारातच बसला. बराच वेळ बिडीसुद्धा पेटवली नाही.

"मना बोलली न्हायस."

"बोलून तुमी काय केलं असतं?"

अनंतानं विचार केला. "काय न्हाय," तो बोलला. थोड्या वेळानं म्हणाला, "तंबाखू मीच आनतंय तुझी. दर बाजाराला. तू सांगाच्या आदी आनतंय."

"मी खाते, तुमी थोडीच भरवता."

तो उठून बाहेर गेला आणि खळ्यावरच्या जवळ्यावर ताडपत्री ओढायला लागला. आभाळ दक्षिणेकडून काळं झालं होतं. चौघं मिळून त्यांनी ताडपत्र्या बांधल्या, कडेला दगड ठेवले. प्रीतम बंदरावरून आला तो तसाच कामाला लागला. पाऊस सकाळी आला आणि वाऱ्यासकट आला. या दिवसांत येत नाही तसा. ताडपत्रीची एक बाजू उचलली गेली. पाणी खळ्याच्या उतारानं खालून शिरलं. पडवीतल्या पोत्यांना वाऱ्यानं आडवी झड लागली. दुपारी ऊन आलं तेव्हा जवळा लालसर पडला होता आणि त्याला घाण सुटली होती. पोत्यांत हात घातला तर आतून गरम लागत होतं.

दुसऱ्या दिवशी वाडीवाल्यांची माणसं येऊन माडांच्या बुडाशी खत म्हणून घालायला तो सगळा जवळा उचलून घेऊन गेली. खळं रिकामं झालं. नीराबाई त्या रिकाम्या खळ्याच्या कडेला उभी राहिली. मग घरात येऊन प्राचीला बोलली, "उद्या अलिबागला जावाचं."

"उद्या?"

"मग इथं काय उरलंय बगायला?"

सकाळी दोघी दिघीच्या जेट्टीवर गेल्या. फेरीबोटीत मोटारसायकली चढवल्या जात होत्या, त्यातून वाट काढून त्या कडेच्या बाकावर बसल्या. घरातून निघताना नीराबाईनं मिश्री लावली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी तसं निक्षून सांगितलं होतं. बोट खाडीच्या मध्यावर आली तेव्हा तिच्या कपाळाच्या शिरा उडायला लागल्या. तिनं कमरेची डबी काढली. प्राचीनं तोंड फिरवून पाण्याकडं बघितलं. नीराबाईनं लावली. आगरदांड्याला उतरल्यावर नळावर जाऊन पुन्हा पुन्हा चूळ भरली.

दवाखान्यात दुपार झाली. रांगेत उभं राहून तिचे पाय भरून आले. दातांचा डॉक्टर अगदी तरुण होता. त्याच्या बाजूला दोन मुली उभ्या होत्या. त्यांनाही त्यानं तोंडात बघायला बोलावलं.

"आजपण लावलीय?" त्यानं विचारलं. बाहेरच्या रांगेत ऐकू गेलं. "मग कशाला आलात, मावशी?"

नीराबाईचे कान तापले. खुर्ची मागं झुकलेली होती, तोंड उघडं होतं, उत्तर देणं शक्यच नव्हतं. गालात सुई टोचली, गाल दगड झाला. मग ओढल्यासारखं, कापल्यासारखं काहीतरी. टाका घातला. बारीक तुकडा बाटलीत टाकून त्यानं तो एका मुलीच्या हातात दिला. नंतर तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "भिऊ नका. तुम्ही लवकर आलात. आमच्याकडं येतात ती माणसं तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, तेव्हा येतात." लवकर म्हणजे किती दिवसांनी आपण आलो हे नीराबाईला माहीत होतं.

परतीची एसटी काशीदवरून जात होती. काशीद प्राचीचं माहेर. ती पावसाळ्याआधीपासून आईला भेटली नव्हती. गाडी थांबली, पर्यटकांची पोरं ओल्या कपड्यांनी चढली. प्राचीनं खिडकीतून वाडीच्या वाटेकडं बघितलं.

"उतर," नीराबाई रुमाल गालाला धरून बोलली. शब्द नीट येत नव्हते. "मी जाईन."

"रगत येतंय तुमच्या तोंडातून. बसा गप."

गाडी सुटली. नीराबाईनं सुनेच्या मांडीवर हात ठेवला, सुजेतून नुकताच मोकळा झालेला. मुरुडपर्यंत तो तिथंच होता.

निकाल घ्यायला अनंता बरोबर आला. इस्त्री केलेला सदरा घालून तो खुर्चीच्या टोकावर बसला. तरुण डॉक्टरनं कागद बघून सांगितलं, "कॅन्सर नाही. पण चट्ट्याच्या जागी बिघाडाला सुरुवात झालीय. तो सगळा काढून टाकू. छोटंच ऑपरेशन. नंतर दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं."

"किती दिवस?" नीराबाईनं विचारलं.

"कायमचं."

"म्हंजे मी बरी होनार न्हाय."

"तुम्ही आजारी नाहीच आहात, मावशी. आजारी पडू नये म्हणून यायचं."

अनंतानं मान हलवली, सगळं समजल्यासारखी. बाहेर आल्यावर बायकोला विचारलं, "काय बोलला तो?" तिनं सांगितलं. "मग यायचं," तो बोलला. "होडी न्हाय तेव्हा मी येईन. न्हायतर प्राची." येतानाच्या बोटीत त्यानं आपल्या खिशातली तंबाखूची पुडी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि परत खिशात ठेवली. त्याच्याच्यानं टाकवली नाही. पण त्या दिवसापासून घरात तो खाईनासा झाला. खायची झाली की होडीकडं जायचा. बायकोसाठी मात्र पुन्हा कधी आणली नाही.

चट्टा काढला त्यानंतरचे दिवस कापण्यापेक्षा वाईट गेले. टाके होते तोवर तोंडात काही घालता येत नव्हतं, म्हणून मिश्री सुटली. ते धड सोडणंसुद्धा नव्हतं. डोकं फुटायचं. पोट साफ होईना. पहाटे जाग आली की हात आपोआप कमरेला जायचा. पेज नीट गाळली नाही म्हणून तिनं वाटी ढकलून दिली आणि पेज प्राचीच्या पायावर सांडली. प्राचीनं पाय पुसला, जमीन पुसली आणि पुन्हा पेज गाळून आणली. त्या रात्री प्राची अनंताला काही सांगेल असं नीराबाईला वाटलं. तिनं सांगितलं नाही. टाके निघाल्यावर एकदा नीराबाई पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीकडं गेली आणि चिमूटभर मागून लावली. कोवळ्या कातडीवर आग झाली, डोळ्यांतून पाणी आलं. तिथंच मोरीत बसून तिनं ती धुऊन काढली. घरी कोणाला बोलली नाही. नंतर नाही गेली.

बोंबलांचे दिवस आले. बांबूच्या आडव्या काठ्यांवर जोडीजोडीनं बोंबील टांगायचं काम सुरू झालं. विनेश पुन्हा घ्यायला लागला, पण नीराबाईच्या गठ्ठ्याचा वास दोनदा घ्यायचा. बायका बोलायच्या, जरा अंतर ठेवून. मिश्रीशिवाय पाठ वाकायला दुप्पट वेळ लागत होता. काम तेवढंच होतं. जागृती एकदा संध्याकाळी घरी आली. दारात उभी राहून "चुकलं माझं, काकी," एवढंच बोलली. नीराबाईनं तिला बस म्हटलं, पण तिला अजून चार घरं करायची होती.

एका दुपारी प्राची नळावर गेली होती आणि नीराबाई घरात जरा लवंडली होती. आडवं होऊन डोळा लागतो न लागतो तोच कोणीतरी दारात येऊन उभं राहिलं. चांगुणा होती. पदर तोंडाशी धरलेला.

"निजलीस?"

"पडलंय जरा. काय गो?"

चांगुणा आत आली, दार लोटून घेतलं. "तुला कसं व्हायचं सुरवातीला? दुखायचं?"

"न्हाय. झोंबायचं."

चांगुणा खाली बसली. तिनं दाराच्या फटीतून बाहेर बघितलं, कोणी येत नाही ना. मग पदर काढला. "नीरे, माज्या तोंडात बगतेस? काळूरामला बोलले न्हाय मी. पोरांना न्हाय."

नीराबाईला उठावंसं वाटत नव्हतं. अंग सगळं दुखत होतं. आणि आत कुठंतरी अजून राग होता, तो होता तसाच होता. मला काय कळतंय, असं म्हणून ती कूस बदलू शकली असती. ती हात टेकून उठली. चांगुणाचा दंड धरून तिला दाराशी नेलं, दार उघडलं आणि तिचं तोंड उन्हाकडं केलं.

"उघड. आनखी उघड."

बोटानं गाल बाजूला ओढून तिनं आत बघितलं. काळ्या हिरड्या, झिजलेल्या दाढा, जिभेची थरथर. जिभेच्या कडेला, आतल्या बाजूला, तांदळाएवढं काहीतरी लाल होतं. ते काय होतं ते तिला कळलं नाही. तिनं पुन्हा बघितलं. चांगुणाचा श्वास तिच्या बोटांवर येत होता, मिश्रीचा वास असलेला, आणि त्या वासानं तिच्या स्वतःच्या तोंडाला पाणी सुटलं.

"काय हाय?" चांगुणानं विचारलं.

"मना कळत न्हाय. डॉक्टरणीला कळंल."

"बोंबील झाले की जाऊ."

नीराबाई आत गेली, भिंतीला धरून पायात चपला घातल्या. मग कोपऱ्यातली छत्री घेतली. बाहेर ऊन होतं.

"चल," ती बोलली. "चारच्या आत पोचाय पायजे. नंतर डॉक्टरीण लशी द्यायला बसते, मग गर्दी असते."